बारा चुलींची आंबील

केरबाने तीस वर्षं कोल्हापूरच्या गुळाच्या यार्डात हमाली केली. गुळाची ढेप म्हणजे रवा, एकेक तीस किलोचा. असे दोन-दोन पाठीवर घेऊन तो फळीवरून ट्रकात चढायचा. पुढे कमरेचा मणका सरकला आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो राजारामपुरीच्या मागल्या अंगाला एका प्राथमिक शाळेत शिपाई लागला. घंटा द्यायची, पाणी भरायचं, वर्ग झाडायचे. काम हलकं होतं. त्याची त्याला थोडी लाजच वाटायची.

माणूस कसा आहे हे केरबा त्याच्या बोलण्यावरून ठरवत नसे. ओझं उचलण्याआधी तो पाय कुठे रोवतो, ते बघायचा. पाय न रोवता उचलणारा दोन महिन्यांत पळून जातो, हा त्याचा अनुभव. या मापाला त्याच्या सबंध आयुष्यात तीनच माणसं पुरी उतरली. दोघं यार्डातले होते. तिसरी ललिता.

ललिता त्याला पहिल्यांदा दिसली ती १९९८च्या जूनमध्ये. प्रार्थना चालू होती. दुसऱ्या कडव्याला चौथीच्या रांगेतली एक मुलगी खाली बसली आणि बसल्या जागी कलंडली. केरबाने तिला उचलून ऑफिसात आणलं. उचलताना त्याच्या हातांना वजन कळलं आणि तो चमकला. नऊ वर्षांची पोर, अर्ध्या रव्याला थोडी जड.

मुलीचं नाव दीक्षा. तिच्या आईला फाउंड्रीतून बोलावणं गेलं. अर्ध्या तासात आई आली. डोक्याच्या रुमालावर काळी वाळू, नखांत काळी वाळू. साच्याच्या पोटात बसवायचे वाळूचे गाभे करायचं काम ती अकरा वर्षं करत होती. नवरा भाऊसो त्याच फाउंड्रीत भट्टीवर. तीच ललिता.

"सकाळी काय खाल्लं होतं हिनं?" हेडमास्तर अतुल सरांनी विचारलं.

"चहा आन त्यात बुडवून येक बटर. मी बी तेच खाऊन कामाला जातो," ललिता म्हणाली. मग तिने उलटा प्रश्न केला, "आशी किती पोरं पडत्यात, सर?"

"आठवड्याला तीन-चार."

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ललिता सात वाजता शाळेच्या फाटकात उभी राहिली. हातात दीक्षाची वही आणि पेन्सिल. येणाऱ्या प्रत्येक पोराला तिने एकच गोष्ट विचारली, "काय खाल्लंस रं?" दोनशे दहा पोरं. सगळ्यांना विचारलं, सगळ्यांचं लिहिलं. एकशे एकतीस जणांनी चहाशिवाय काही खाल्लेलं नव्हतं. ती वही तिने सरांच्या टेबलावर ठेवली.

"काय करायचं म्हणताय?" सरांनी विचारलं.

"नाचणीची आंबील. सकाळी घंटेच्या आधी. मी करतो."

अतुल सर संस्थेकडे गेले. संस्थेने सामानाची जुनी खोली दिली आणि सहा महिन्यांची मुदत. शाळेचा एक जुना विद्यार्थी राधानगरीकडे शेती करायचा, त्याने नाचणी पाठवायचं कबूल केलं. पण अट होती. जानेवारीत पालकांची सभा होईल. दोनतृतीयांश पालकांनी लेखी संमती दिली तर न्याहारी पुढे चालेल. नाहीतर ती खोली कॉम्प्युटरला. दोनशे दहा पोरांमागे एकशे चाळीस सह्या लागणार होत्या. ललिताने फाउंड्रीचं काम सोडलं. तिच्या जागी चार दिवसांत दुसरी बाई उभी राहिली. म्हणजे परतीची वाट बंद.

केरबाला वाटलं, ही दिवाळीपर्यंत टिकली तर खूप झालं.

तो जुलैपासून तिचं काम बघत होता. नाचणी निवडायची, पाच पाण्यांनी धुवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळून आणायची, चाळायची. आदल्या दिवशी पीठ ताक-पाण्यात भिजत घालायचं. सकाळी साडेपाचला येऊन पाणी उकळायला ठेवायचं, त्यात ते आंबलेलं पीठ सोडायचं आणि ढवळत राहायचं. पाऊण तास. मध्ये थांबलं की तळाला धरतं. हात भरून आला की ती पळा दुसऱ्या हातात घ्यायची. घ्यायची म्हणजे कधी घेतला ते कळायचंच नाही, पळा एक वेढाही चुकायचा नाही. वर लसूण-जिऱ्याची फोडणी, मीठ, बारीक कांदा. केरबा चूल पेटवायचा, पाणी आणायचा आणि तिच्या पायांकडे बघायचा. ती दोन पायांत हातभर अंतर ठेवून उभी राहायची. उजवं पाऊल थोडं मागे. पाऊण तासात पाऊल हलायचं नाही.

सप्टेंबरनंतर प्रार्थनेला एकही पोर पडलं नाही. म्हणजे आंबील घेणाऱ्यांतलं एकही नाही. पण घेणारे होते नव्वद. बाकीचे एकशे वीस वाट्या घेऊन रांगेत यायचेच नाहीत.

म्हणून शाळा सुटली की ललिता घरोघर फिरायची. शाळेच्या दाखल्यावर असलेलं एकेक घर. रोज चार-पाच. केरबाही कधीमधी बरोबर असायचा, कारण घरं त्याला ठाऊक होती.

एका दारात एक बाप बनियनवर दात घासत उभा होता. "नाचणी डोंगरातल्या मानसांनी खायाची. आमी कोल्लापूरचं हाय, बाई. दुधावर वाढल्यालं."

"मग आज पोरगं किती दूध प्यालं?" ललिताने विचारलं.

त्याने तोंडातला फेस थुंकला. "चहात हुतं की!"

आतून त्याची बायको खदखदून हसली. तो गुरकावला, पण दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोरगं वाटी घेऊन आलं. नव्वदाचे एक्याण्णव झाले. केरबा म्हणाला, "एका पोरासाठी अर्धा तास घालवलाय." ललिता म्हणाली, "पोरगं एकच व्हतं की त्येंचं."

पण खरी अडचण नाचणीची नव्हती आणि दुधाचीही नव्हती. ललिता बौद्ध समाजातली. गल्लीतली बरीच घरं तसं तोंडाने म्हणायची नाहीत. "आमचं पोरगं घरनंच खाऊन येतंय," म्हणायची. कुणी म्हणायचं, "त्येला आंबट सोसत न्हाई." ललिता मान डोलवायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच दारात उभी राहायची.

त्या गल्लीचं नाक म्हणजे बयाबाई. सत्तरीची म्हातारी, गोठ्यात दोन म्हशी, आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला भांडण मिटायचं. तिने हो म्हटलं की पन्नास घरं हो म्हणणार. तिची नात तेजस्वी तिसरीत. रांग लागली की ही पोरगी भिंतीला टेकून उभी राहायची, वाटी पालथी धरून.

ललिता पहिल्यांदा गेली तेव्हा बयाबाई उंबऱ्याच्या आत आणि ललिता पायरीखाली. पाचव्यांदा गेली तेव्हाही तसंच.

"तुला किती डाव सांगायचं गं? आमच्या पोरीला घरचं लागतंय," बयाबाई म्हणाली.

"मग घरचं द्या की मावशी. मी शिकवायची तर शिकवतो, न्हाईतर तुमची रीत मला शिकवा. आमच्या हातचं नको तर तुमच्या हातचं खाऊ द्या. पन पोर उपाशी धाडू नका. परवा गणिताच्या तासाला भिताडाला डोकं टेकून झोपली हुती ती."

असं सरळ बयाबाईशी गल्लीत कुणी बोलत नसे. केरबाला वाटलं, आता ही म्हातारी काठी काढते. पण ती आत गेली आणि कळशीभर ताक घेऊन आली. कळशी पायरीवर ठेवली. "शाळेला न्हे. रोज देतो. पन पोरगी घरचंच खाईल."

त्या दिवसापासून बयाबाईच्या म्हशींचं ताक आंबिलीत पडायला लागलं आणि बयाबाईची नात भिंतीला टेकून राहिली ती राहिलीच. या गोष्टीवर हसावं की रडावं, केरबाला कळेना. ललिताने मात्र ताक मोजून घेतलं आणि कळशी विसळून परत पाठवली.

जानेवारी आला. सभा शनिवारी ठरली, सकाळी साडेआठला. पालकांनाही आंबील द्यायची, त्यांच्या जिभेवर पडली की सह्या होतील, असं सर म्हणाले. साडेतीनशे माणसांची तयारी. सहा किलो पीठ शुक्रवारी दुपारी ललिताने तीन स्टीलच्या डब्यांत भिजत घातलं. जाताना तिने बजावलं, "केरबामामा, ह्ये डबं हलवू नका. हाईत तितंच ऱ्हाऊ द्यात."

ती गेली आणि तासाभराने बयाबाईकडून दोन गडी एक तपेलं घेऊन आले. पितळी, दोन्ही बाजूंना कड्या, ऐंशी लिटरचं. तिच्या घरच्या तीन पिढ्यांची लग्नं त्यातल्या जेवणावर झाली होती. निरोप होता, "येवढ्या पाव्हण्यांम्होरं तुमची ती बारकी पातेली मांडू नका. आमचं न्ह्या." बयाबाई आणि तिची सून दुपारभर ते घासत बसल्या होत्या. चिंच, राख, विटेचा भुगा. आतून, बाहेरून. संध्याकाळच्या उन्हात ते असं दिसत होतं की केरबा दाराशी थबकला. सोनंच.

त्याने विचार केला. सकाळी हे तीन डबे उचलून ओतायचे, पुन्हा विसळायचे, चार खेपा. आत्ताच ओतलं तर त्या चार खेपा वाचतात. आणि एवढं भांडं म्हातारीनं पाठवलं आणि रिकामं राहिलं, तर तिला काय वाटेल? त्याने तिन्ही डबे तपेल्यात ओतले, वर फळ्या झाकल्या आणि समाधानाने घरी गेला. तीस वर्षं खेपा मोजून काढलेला माणूस. एक खेप वाचली तरी त्याला झोप चांगली लागायची.

शनिवारी साडेपाचला ललिता आली. फळी सरकवली आणि वास घेतला. कंदील जवळ धरला. पिठाच्या काठाला, पितळेला लागून, हिरवट कड आली होती. तिने बोटाच्या टोकावर थेंब घेतला, जिभेला लावला आणि थुंकून टाकला.

"कळकलंय," ती म्हणाली.

कळकणं केरबाला ठाऊक होतं. पितळेला आतून कल्हई नसली आणि त्यात आंबट ठेवलं, की त्याचं विष होतं. कल्हई होती. दुपारभर चिंच आणि विटेच्या भुग्याने घासून ती उरलीसुरली निघून गेली होती. भांडं जेवढं चकाकत होतं तेवढंच ते वाईट होतं.

ललिताने कुणी ओतलं म्हणून विचारलं नाही. शाळेत रात्री किल्ली एकाकडेच असते. ती म्हणाली, "कडी धरा, मामा."

दोघांनी तपेलं मोरीच्या खड्ड्याशी नेलं आणि पालथं केलं. सहा किलो पीठ, पंधरा लिटर ताक. निवडलेलं, धुतलेलं, मोड आणलेलं, दळलेलं. चार दिवसांचं काम खड्ड्यात गेलं तेव्हा तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती पिठाच्या डब्याकडे गेली. हात कोपरापर्यंत आत घातला. "सहा किलो आजून हाय. पुढच्या आठवड्याचं. हुतंय."

"आंबवायला येळ कुठाय?"

"बिनआंबवता करायची. पाण्यात शिजवायची, कोमट झाली की वरनं ताक. पन येवढं पानी येका चुलीवर उकळायला आठ वाजतील."

तेवढ्यात बयाबाई आली. लवकर आली होती ती आपलं तपेलं चुलीवर चढलेलं बघायला. बरोबर गल्लीतल्या बायका होत्या, तेरा जणी. मोरीच्या तोंडाला पालथं पडलेलं तपेलं तिला फाटकातूनच दिसलं.

"ह्ये काय गं? आमचं भांडं पालथं? मोरीत?"

"मावशी, ऐकून घ्या—"

"काय ऐकू? तुला आमचं भांडं चालंना व्हय? आमच्या भांड्याला काय झालंय गं?"

आवाज वाढला तसा केरबा भिंतीला चिकटला. सहा महिने जे कुणी उघड बोललं नव्हतं, ते आज उलटं फिरून म्हातारीच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. बयाबाईलाही आपल्या शब्दांचा आवाज ऐकू आला असावा, कारण ती पुढचं वाक्य गिळून थांबली.

ललिता शांतपणे म्हणाली, "भांडं सोन्यागत हाय, मावशी. आतली कल्हई गेल्या. रातभर आंबट ऱ्हायलं, इख झालं. पोरांस्नी दिलं आसतं तर आज दवाखान्यात आसती."

"तीन पिढ्या जेवल्या त्यात!"

"भात-आमटी जेवल्या. गरम गरम. आंबट रातभर कुनी ठेवलं न्हवतं."

"मग आंबट घातलंस कशाला त्यात? येवढं कळतंय तर?"

आता सगळ्या ललिताकडे बघत होत्या. केरबा वाट बघत होता. तिने दोनच शब्द बोलायचे होते. तिने ते उच्चारले नाहीत. ती व्हरांड्यातल्या घड्याळाकडे बघत होती, ओठ हलत होते. ती मिनिटं मोजत होती.

केरबाला फक्त एवढं कळलं, की तो आत्ता गप्प बसला तर न्याहारी आजच संपणार आणि तिचं नाव घेऊन संपणार.

"मी वतलं," तो म्हणाला. "तिनं डबं हलवू नका म्हनून सांगितलतं. मीच वतलं."

"का रं?"

"सकाळच्या चार खेपा वाचाव्यात म्हनून. आन तुमचं भांडं रिकामं ऱ्हायलं तर तुमास्नी राग यील म्हनून."

"तीस वर्सं हमाली केलास, मुडद्या! खेपा वाचवायचं आजच सुचलं व्हय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बयाबाई हसली नाही. ती वाकली, तपेलं उताणं करायला लावलं आणि आत हात फिरवला. हात वर आला तेव्हा बोटांना हिरवट लागलं होतं. "आतनं बी मीच घासलं," ती शेजारच्या बाईला ऐकू जाईल एवढंच म्हणाली.

ललिताचं मोजणं संपलं होतं. "मावशी, आजचं ताक घुसळलंय?"

"घुसळलंय की."

"ते शाळंत धाडा. आन बायांनो, घरला गॅस न्हाईतर स्टो कुनाकुनाकडं हाय? मी पीठ देतो. ज्येच्या-त्येच्या चुलीवर करायची. आठ वाजता शाळंत."

चौदा बायका होत्या. दोघींना एकदम पाहुणे आठवले. त्या गेल्या. उरल्या बारा. ललिताने पीठ तराजूत घातलं. अर्धा किलो, अर्धा किलो, बारा वाटे. एक चमचा इकडे-तिकडे नाही. "सहा लिटर पानी उकळा. पीठ आदी गार पान्यात कालवा, उकळत्यात कोरडं टाकू नका. येकाच अंगानं ढवळा. ताक घालू नका, फोडनी घालू नका, त्ये मी हितं बघतो." सव्वासहा वाजले होते.

बायका पांगल्या आणि ललिता त्यांच्यामागे निघाली. हातात मिठाचा डबा. केरबा मागून पाण्याची घागर घेऊन. पुढचा दीड तास त्याने जे बघितलं, ते त्याला नंतर कुणाला नीट सांगता आलं नाही. बारा घरं, तीन गल्ल्या. एका घरात शिरायची, पळा हातात घ्यायची, चार वेढे द्यायची, "जाळ कमी करा" म्हणून पुढच्या घरात. पहिल्या घरात परत यायची तेव्हा तिथली आंबील बरोबर उकळीला आलेली असायची. कुठल्या चुलीवर काय चाललंय, हे तिच्या डोक्यात बारा ठिकाणी एकाच वेळी चालू होतं. सगळ्या घरांचा एकेक फेरा असे तीन फेरे झाले. दुसऱ्या फेऱ्यात केरबाने घागर खाली ठेवली. त्याला दम लागला होता. दिवसाला तीनशे रवे वाहिलेला माणूस गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला आणि ती बोळाच्या टोकाला वळताना बोलत होती, कुणाला तरी गुठळी कशी फोडायची ते सांगत होती.

पहिल्या दोन फेऱ्यांत ती एका घरात गेली नाही. तिथे ती पायरीखाली उभी राहायची आणि तिथूनच विचारायची. तिसऱ्या फेऱ्याला बयाबाई पळा घेऊन उंबऱ्यावर आली. कपाळाला घाम, केसांना पीठ.

"भाइरनं काय इचारतीस? गुठळ्या झाल्यात हितं. आत ये की!"

ललिता चपला काढून आत गेली. केरबा बाहेर राहिला. त्याला फक्त पळ्याचा आवाज ऐकू आला. आधी अडखळता, मग सरळ, एका लयीत.

"आसं व्हय," बयाबाईचा आवाज आला. "मी आपली गरागरा फिरवतोय मगापासनं."

आठ वाजता बारा पातेली शाळेच्या पटांगणात आली. डोक्यावर, कडेवर, एक सायकलच्या कॅरिअरवर. ललिताने प्रत्येकातली चव घेतली. बारा हातांच्या बारा चवी. एक पातळ, एक घट्ट, एक किंचित लागलेली. लागलेली तिने बाजूला काढली आणि त्या बाईला म्हणाली, "ही मोठ्यांस्नी देऊया, पोरं नाक मुरडत्यात." बाकी सगळी तिने तीन मोठ्या पातेल्यांत ओतली, ढवळली, बयाबाईचं ताक घातलं, फोडणी दिली. एकच चव झाली.

सभेला पावणेदोनशेच्या वर माणसं आली. अतुल सरांनी भाषण लिहून आणलं होतं. त्यात लोह होतं, कॅल्शियम होतं, वजनाचे आकडे होते. पण बारा बायका पातेल्यांजवळ उभ्या राहून आपापल्या ओळखीच्यांना सांगत होत्या, की पीठ आधी गार पाण्यात कालवायचं असतं. सरांनी भाषण खिशात ठेवलं.

तेजस्वी भिंतीपाशी होती. बयाबाईने तिला दंडाला धरून रांगेत आणलं. "खा. आपल्या चुलीवरची हाय."

पोरीने तिन्ही पातेल्यांत डोकावून बघितलं. "आज्जी, ह्यातली आपली कुटली?"

बयाबाईने पण बघितलं.

"आता काय कळतंय? खा."

तेजस्वीने वाटी सरळ केली. ललिताने पळा भरला. पोरीने दोन घोटांत वाटी रिकामी केली, ओठावरची आंबिलीची मिशी चाटली आणि परत रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली.

केरबा हे बघत होता. सहा महिने त्याने चूल पेटवली होती, पाणी भरलं होतं, या बाईबरोबर गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. आंबील त्याने एकदाही घेतली नव्हती. "माझा चहा झालाय," म्हणायचा. ललिताने कधी आग्रह केला नव्हता, कारण तिला कारण ठाऊक होतं आणि त्यालाही. तो पोरांच्या मागे रांगेत उभा राहिला. पाळी आली तेव्हा त्याच्याकडे वाटी नव्हती. ललिताने झाकणीत वाढली. तो ती उभ्या-उभ्या प्यायला. आंबट, गरम, लसणाची. जीभ भाजली. पोटात उतरली तशी कमरेपर्यंत ऊब गेली.

सह्या अकरापर्यंत चालल्या. बयाबाईने अंगठा दिला आणि अंगठ्याची शाई पुसत पुसत गल्लीतल्या माणसांना पुढे ढकललं. काही जण आले, बघून गेले. त्यांनी चवही घेतली नाही आणि सहीही केली नाही. एक माणूस जाताना म्हणाला, "बायकांनी घरात केली म्हनून काय झालं, हात तिचाच की." सगळ्यांना ऐकू गेलं. बयाबाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो फाटकापर्यंत मागे न बघता गेला.

सरांनी दोनदा मोजलं. एकशे त्रेसष्ट.

"झालं, ललिताबाई," सर म्हणाले. "खोली आपलीच. कॉम्प्युटर माझ्या ऑफिसात बसवतो, माझं कपाट बाहेर काढतो."

पटांगण रिकामं झालं. केरबाने पातेली घासली, बाराच्या बारा, आणि एकेक घरी पोचवली. खेपा मोजल्या नाहीत. परत आला तेव्हा चार वाजले होते आणि ललिता ऑफिसच्या पायरीवर बसून सरांच्या यादीवरून काहीतरी वहीत उतरवून घेत होती. सकाळी साडेपाचपासून ती पहिल्यांदाच बसलेली दिसत होती. तिचा उजवा हात मनगटाशी सुजला होता, म्हणून ती डाव्या हाताने लिहीत होती. अक्षरं वेडीवाकडी, पण सावकाश, एकेक पुरं.

"काय लिवताय?"

"सही न्हाई दिल्याली घरं. सत्तेचाळीस हाईत."

"संमती झाली की आता. खोली मिळाली. आज तरी बसा."

ललिताने वही मिटली, उठली आणि पदर खोचला. "खोली मिळाली, मामा. ती सत्तेचाळीस पोरं सोमवारी चहावरच येनार हाईत." तिने पायात चपला सरकवल्या. "तुम्ही दमला आसशीला. जावा घरला."

केरबाने आपल्या आयुष्यात खूप ओझी बघितली होती. दहा तासांनंतर आणखी एक ओझं मागणारा माणूस त्याने बघितला नव्हता. त्याने ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तिच्या मागून चालू लागला. फाटकातून बाहेर पडताना त्याने तिचे पाय बघितले. थकलेले होते, पण प्रत्येक पाऊल आधी टेकत होतं, मग भार घेत होतं.

"पयलं घर कुटलं?" त्याने विचारलं.

"सकाळी हात तिचाच म्हनाला न्हवं का, त्येचं."

त्या संध्याकाळी त्यांची अकरा घरं झाली.